चिंकापिनचे दफ्तर

साडेसोळा इंच लांब आणि साडेअकरा इंच रुंद असा एक जाड पांढरा कागद. त्यावर तिरकी बसवलेली वाळकी डहाळी. तिला लांबट, कडांना करवतीसारखे दाते असलेली पाच-सहा पाने. एखादे पान मुद्दाम उलटे ठेवलेले, म्हणजे त्याच्या पाठीवरची लव दिसावी. एका बाजूला कागदाची लहानशी पुडी आणि तीत डहाळीवरून गळलेले काटेरी बोंड. आणि उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात चार-पाच ओळींची चिठ्ठी: वनस्पतीचे नाव, गाव, जिल्हा, तारीख, गोळा करणाराचे नाव आणि त्याचा अनुक्रमांक.

वनस्पतिशास्त्रज्ञ या कागदाकडे पाहतो तो डहाळीपासून सुरुवात करतो. मी वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे. जुने कागद वाचण्यात माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे माझी नजर आधी चिठ्ठीवर जाते. मिती, मुक्काम, लिहिणाराचे नाव! पेशवे दफ्तरातला रुमाल सोडावा आणि आतून असा कागद निघावा, तसेच मला वाटते. राजवाड्यांनी बखरींवर जी टीका केली तिचा गाभा हाच होता, की बखर मागाहून आठवून लिहिली जाते, आणि अस्सल पत्र त्या दिवशी, त्या जागी, त्या माणसाने लिहिलेले असते. वाळक्या डहाळीच्या कागदाला अस्सल पत्राचे सगळे गुण आहेत. पत्राचे दोषही आहेत, पण त्यांच्याकडे मी मागाहून येतो.

अशा कागदांच्या संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. जगात तीन हजारांहून अधिक हर्बेरियमे आहेत आणि त्यांत मिळून सुमारे ३९ कोटी नमुने आहेत. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्यात भारतीय वनस्पति सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचे आहे. परंतु मी ज्या कागदांच्या मागे लागलो ते अमेरिकेतले. २०११ पासून तिकडे सरकारी मदतीने या कागदांची छायाचित्रे घेऊन ती सर्वांना खुली करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. म्हणून पुण्यात बसून, चहा निवत असताना, अलाबामातले पान मोठे करून पाहण्याची चैन माझ्यासारख्याला करता येते. मी शोधत होतो एक शब्द. त्या शब्दाच्या मागे झाड सापडले, आणि झाडाच्या मागे भांडण.

शब्द आहे ‘चिंकापिन’. चेस्टनटच्या कुळातली ही वनस्पती. चेस्टनट म्हटले की आपल्याकडे काहींना शिंगाडा आठवतो, कारण इंग्रजीत त्याला पाण्यातला चेस्टनट म्हणतात. पण त्या दोघांचे नाते नावापुरतेच. चेस्टनट हा ओकचा भाऊबंद. त्याच्या काटेरी बोंडात दोन-तीन फळे दाटीवाटीने बसलेली असतात, म्हणून त्यांची एक बाजू चपटी होते. चिंकापिनच्या बोंडात बहुधा एकच फळ, म्हणून ते गोल. रिठ्याच्या बीएवढे, गडद तपकिरी, चकचकीत, टोकाला अणकुचीदार आणि चवीला गोड. न्यू जर्सीपासून फ्लॉरिडापर्यंत आणि पश्चिमेला टेक्सासपर्यंत ते वाढते. दक्षिणेकडच्या खेड्यांतली मुले या फळांच्या माळा करीत, आणि मुठीत फळे धरून ‘किती?’ असा खेळ खेळत. आपल्या एकी-बेकीचाच हा सावत्र भाऊ. चिंचोके असोत की चिंकापिन, मुलांच्या मुठी सगळीकडे सारख्याच.

या वनस्पतीची सर्वांत जुनी नोंद कोणत्याही कागदावर चिकटवलेली नाही. ती एक शब्दच आहे. १६१२ मध्ये कॅप्टन जॉन स्मिथ याने व्हर्जिनियाचे वर्णन छापले. त्यात तेथील मूळच्या लोकांच्या खाण्यातल्या एका लहान फळाविषयी त्याने लिहिले, की ते बुटक्या झाडांवर येते, त्याचे टरफल चेस्टनटसारखे असते पण फळ बारक्या ओकफळासारखे दिसते, आणि हे लोक त्याला मोठे पक्वान्न समजतात. त्या लोकांच्या तोंडून ऐकलेले नाव त्याने आपल्या कानाला जसे लागले तसे लिहून ठेवले: ‘चेचिंक्वामिन’. ही पौहॅटन लोकांची भाषा. पुढे ती बोलणारे उरले नाहीत. स्मिथने आणि त्याच्या काळच्या विल्यम स्ट्रेची याने करून ठेवलेल्या शब्दांच्या याद्या हेच आज त्या भाषेचे मुख्य साधन आहे. भाषा गेली आणि तिच्यातले एक फळ इंग्रजीत राहिले. नमुन्याच्या कागदावर ‘संग्राहक’ म्हणून एक रकाना असतो. या पहिल्या नमुन्याचा संग्राहक म्हणून स्मिथचे नाव लिहावे लागेल, आणि ज्याने ते फळ त्याच्या हातावर ठेवून नाव सांगितले त्याच्यासाठी रकानाच नाही. पुढच्या तीन शतकांच्या कागदांतही हा रकाना नाही. डोंगरात झाड कोठे आहे हे दाखवणारा कोणीतरी नेहमीच असतो, आणि चिठ्ठीवर तो क्वचितच येतो.

वनस्पती दाबून, वाळवून, कागदावर बसवण्याची विद्या इटलीतली. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात लुका घिनी नावाच्या अध्यापकाने ती आपल्या शिष्यांना शिकवली असे मानतात. आधी हे कागद पुस्तकासारखे बांधून ठेवीत. लिनीयसने ते सुटे ठेवले. बांधलेल्या वहीत झाडाचा क्रम एकदा ठरला की ठरला. सुटा कागद मात्र मत बदलले की एका गठ्ठ्यातून उचलून दुसऱ्यात ठेवता येतो. चिंकापिनच्या कागदांचा पुढे जो प्रवास झाला तो पाहता ही सोय अगदी वेळेवर झाली असे म्हणावे लागते.

व्हर्जिनियातून युरोपला जे कागद गेले त्यांत जॉन क्लेटन याचे कागद सर्वांत महत्त्वाचे. हा गृहस्थ ग्लॉस्टर परगण्याच्या न्यायालयाचा कारकून होता आणि त्याने ती कारकुनी सुमारे अर्धशतक केली. सवडीच्या वेळी तो रानात हिंडे, झाडे वाळवी आणि हॉलंडमधल्या ग्रोनोव्हियस या विद्वानाकडे पाठवी. ग्रोनोव्हियसने त्यावरून व्हर्जिनियाच्या वनस्पतींचा ग्रंथ १७३९ आणि १७४३ अशा दोन भागांत छापला. त्या सुमारास तरुण लिनीयस हॉलंडमध्येच होता आणि या कागदांवर त्याचीही नजर फिरली. क्लेटनने स्वतःजवळ ठेवलेले नमुने व हस्तलिखिते त्याच्या मृत्यूनंतर एका परगण्याच्या कचेरीला लागलेल्या आगीत जळाली. हॉलंडला गेलेले नमुने वाचले. ते पुढे जोसेफ बँक्सने विकत घेतले आणि आज लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहेत. आपले कागद ज्याला दिले त्याच्या घरी ते टिकले, आणि जपून ठेवले ते जळाले. आपल्याकडच्या कितीतरी घराण्यांच्या दफ्तरांची हकीकत याहून वेगळी नाही.

१७५३ मध्ये लिनीयसने चिंकापिनला शास्त्रीय नाव दिले: ‘फॅगस प्युमिला’. चेस्टनटला तो बीचच्या गटात धरीत असे, म्हणून फॅगस. १७६८ मध्ये लंडनजवळच्या चेल्सीच्या बागेचा माळी फिलिप मिलर याने ते दुरुस्त करून ‘कॅस्टॅनिया प्युमिला’ केले, आणि तेच आजवर चालू आहे. ‘प्युमिला’ म्हणजे ठेंगणी, बुटकी. मिलरने गोत्र बदलले, पण बुटकेपण तसेच ठेवले. त्यात त्याची चूक नव्हती. समुद्राकाठच्या वाळवंटी जमिनीतले चिंकापिन बहुतेक झुडूपच असते. १८१८ मध्ये टॉमस नटाल याने वर्णन केलेला एक प्रकार तर जमिनीसरशी पसरतो. वाचकांनी हा ‘बुटकी’ शब्द लक्षात ठेवावा. सारा घोटाळा पुढे त्याच्यापाशीच आहे.

मधल्या काळात हे नाव फार हिंडले. १८२० नंतरच्या दशकात डेव्हिड डग्लस याने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एक सदाहरित झाड पाहिले. त्याच्या पानांची पाठ सोन्याचा मुलामा दिल्यासारखी पिवळी. त्यालाही लोक चिंकापिन म्हणू लागले. शास्त्रज्ञांनी ते आधी चेस्टनटमध्ये घातले, मग आशियातल्या कॅस्टॅनॉप्सिसमध्ये, आणि १९४८ मध्ये त्याला ‘क्रायसोलेपिस’, म्हणजे सोनेरी खवल्यांचे, असे स्वतंत्र घर मिळाले. आशियातल्या त्या कॅस्टॅनॉप्सिस झाडांनाही इंग्रजीत चिंकापिन म्हणतात. ती आपल्या देशात आहेत. सह्याद्रीत नव्हे, पण दार्जिलिंग, सिक्कीम आणि आसामच्या डोंगरांत. नेपाळी बोलणारे लोक त्याला ‘कटुस’ म्हणतात आणि त्याची फळे खातात. पौहॅटनांचा शब्द अशा रीतीने हिमालयात येऊन राहिला आहे, आणि कटुस खाणाऱ्याला त्याचा पत्ता नाही. असो. मला परत अमेरिकेच्या दक्षिणेकडे जायचे आहे, कारण खरी कथा तेथे आहे.

विल्यम विलर्ड अ‍ॅश हा १८७२ मध्ये उत्तर कॅरोलायनातल्या रॅली गावी जन्मला आणि १९३२ मध्ये वारला. धंद्याने जंगलखात्याचा माणूस. उत्तर कॅरोलायनाच्या जंगलांवर त्याने गिफर्ड पिंचो यांच्याबरोबर पुस्तक लिहिले, आणि पुढे संयुक्त संस्थानांच्या वनखात्यात राहून, १९११ च्या कायद्याप्रमाणे पूर्वेकडची तोडलेली, उजाड झालेली डोंगरजमीन सरकारने विकत घेऊन तिची राष्ट्रीय वने करावी, या कामात त्याने बरीच वर्षे घालवली. जमीन पाहायला जायचे तेथे तो डहाळ्या तोडी. त्याने नावे इतकी दिली, की त्याच्या मागून आलेल्यांना ती निस्तरता निस्तरता दमछाक झाली. हॉथॉर्न या एका काटेरी झुडपाच्या तर त्याने कितीतरी जाती पाडल्या आणि त्यांतल्या पुष्कळशा नंतरच्या अभ्यासकांनी रद्द केल्या. एका ओकला त्याने मार्गारेट या आपल्या भावी पत्नीचे नाव दिले. ते नाव मात्र टिकले. अशा माणसाविषयी विद्वानांत एक प्रकारची सौम्य थट्टा चालते: अ‍ॅशला पान दिसले की जात सुचते!

या अ‍ॅशने १९२३ मध्ये आर्कान्सा-मिसूरीकडच्या ओझार्क डोंगरांतले चिंकापिन वेगळी जात म्हणून जाहीर केले, आणि १९२५ मध्ये अलाबामातले आणखी एक: ‘कॅस्टॅनिया अलाबामेन्सिस’. चिंकापिनला त्याने आणखीही नावे दिली होती, तेव्हा या दोघांकडे कोणी विशेष आदराने पाहिले नाही. त्याच्या मृत्यूनंतर त्याचा संग्रह चॅपल हिल येथील उत्तर कॅरोलायना विद्यापीठात गेला.

पण तेवढ्यात दुसरीच गोष्ट घडत होती. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाच्या बागेत हर्मन मर्केल या वनाधिकाऱ्याला चेस्टनटच्या सालीवर नारिंगी चट्टे दिसले. १९०६ मध्ये न्यूयॉर्क वनस्पति-उद्यानातल्या विल्यम मरिल याने त्या बुरशीचे वर्णन केले. ती पूर्व आशियातली. १९१३ मध्ये फ्रँक मेयर याला ती चीनमध्ये सापडली, आणि १९१५ मध्ये जपानमध्येही असल्याचे ठरले. तेथल्या चेस्टनटना तिची सवय होती. अमेरिकेतल्यांना नव्हती. आशियातली रोपे १८७० नंतर हौसेने आणून विकली जात होती, त्यांच्याबरोबर ती आली. बुरशी सालीच्या भेगेतून आत शिरते, सालीखालून खोडाभोवती वेढा घालते आणि वरचे सगळे झाड उपाशी मारते. वारा, पाऊस, किडे, पक्ष्यांचे पाय, सगळेच तिचे जासूद. १९५० पर्यंत तीनशे ते चारशे कोटी अमेरिकन चेस्टनट गेले असा अंदाज आहे. जंगलातला सर्वांत उपयोगी वृक्ष एका माणसाच्या हयातीत संपला.

मुळे मात्र मरत नाहीत. ही बुरशी जमिनीखाली टिकाव धरीत नाही. बुंध्यापासून धुमारे फुटतात, दहा-पंधरा फूट वाढतात, साल तडकू लागली की पुन्हा बुरशी येते, पुन्हा धुमारा जळतो, पुन्हा फुटतो. ओझार्कमध्ये हा रोग विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पोचला. त्या डोंगरांत साठ-पासष्ट फूट उंचीचे चिंकापिन वृक्ष होते. पन्नास वर्षांनी तेथे जाणाऱ्याला काय दिसले? एका बुंध्यातून निघालेल्या अनेक बारीक काठ्यांचे झुडूप. त्याने डहाळी तोडली, दाबली, कागदावर बसवली आणि चिठ्ठीवर प्रामाणिकपणे लिहिले: ‘झुडूप’.

येथे या दफ्तराचा मोठा दोष उघड होतो. साडेसोळा इंचांच्या कागदावर साठ फुटांचा वृक्ष मावत नाही. वृक्षाची डहाळी आणि झुडपाची डहाळी कागदावर सारखीच दिसतात. झाड किती उंच होते, खोडाचा घेर केवढा होता, फळे लागली होती की नाही, शेजारी काय उगवले होते, हे डहाळी सांगत नाही. ते चिठ्ठी सांगते, आणि चिठ्ठीवर ते लिहायला तोडणाराला त्या दिवशी कंटाळा आला असेल तर कायमचे गेले. जुन्या कागदांतल्या कितीतरी चिठ्ठ्यांवर गाव आणि तारीख याखेरीज काही नाही. लिहिणाराचेही खरे आहे: समोर साठ फुटांचा वृक्ष उभा असताना ‘हा उंच आहे’ असे लिहून ठेवावे लागेल, हे कोणाला वाटणार? आपले पूर्वजही पत्रात लढाईचा खर्च पैपर्यंत लिहितात आणि सेनापती दिसायला कसा होता हे लिहीत नाहीत. सर्वांना माहीत असलेली गोष्ट नोंदायची राहते, आणि सर्व गेले की तीच पहिली नाहीशी होते.

मग ‘बुटकी’ हे नाव आपले काम करू लागले. १९७५ मध्ये ओझार्कच्या झाडाला स्वतंत्र जातीऐवजी प्युमिलाचा एक प्रकार ठरवण्यात आले; १९८८ च्या एका मोठ्या फेरतपासणीतही तेच धोरण राहिले. म्हणजे साठ फुटांचा वृक्ष ‘बुटकी’चा एक प्रकार झाला! शास्त्रीय नाव हे वर्णन नसून खूण असते, हे मला मान्य आहे. काळे आडनावाचा माणूस गोरा असतो त्यातलाच हा प्रकार. तरीही नावाचा परिणाम मनावर होतोच. जे झुडूप म्हणून ओळखले जाते ते झुडपासारखे उभे असले तर कोणाला हळहळ वाटत नाही. मेलेल्या वृक्षाचा शोक होतो. जन्मतःच ठेंगण्याचा कोण करणार? अमेरिकन चेस्टनटसाठी संस्था निघाल्या, पैसा उभा राहिला, संकर करून रोगाला तोंड देणारी झाडे काढण्याचे प्रयोग झाले. चिंकापिनच्या वाट्याला त्यातले फार थोडे आले. ओझार्कच्या झाडासाठी स्वतंत्र संस्था २००७ मध्ये निघाली, आणि तिच्या लोकांनी दऱ्याखोऱ्यांत हिंडून अजून उभी असलेली, फळणारी झाडे शोधून काढली.

अलाबामाच्या चिंकापिनचे याहून वाईट झाले. त्याला प्रकार म्हणूनही जागा राहिली नाही. त्याची पाने चेस्टनटसारखी मोठी आणि पाठीवर लव कमी; बोंडात फळ मात्र चिंकापिनसारखे एकटे. तेव्हा तर्क सोपा होता: चेस्टनट आणि बुटके चिंकापिन यांचा हा संकर असणार. दोघांचा संकर होऊ शकतो, दोघे त्या भागात होते, आणि नाव देणारा अ‍ॅश होता. तिन्ही गोष्टी जुळल्या. कागद एका गठ्ठ्यातून उचलून दुसऱ्यात गेले, आणि सुट्या कागदांची सोय येथे एका झाडाच्या मुळावर आली. संकर म्हणजे दोन घराण्यांतला अपघात. त्याचे रक्षण करण्याचे कोणाला कारण नव्हते.

हे कागद पाहताना माझी एक चूक झाली ती सांगतो. दफ्तराच्या दोषांत गावाच्या नावांचा दोष मोठा आहे आणि मी त्यात अडकलो. अमेरिकेत जिल्ह्याला काउंटी म्हणतात. अलाबामात मॅडिसन काउंटी आहे आणि तिचे मुख्य गाव हंट्सव्हिल. आर्कान्सातही मॅडिसन काउंटी आहे, आणि तिचेही मुख्य गाव हंट्सव्हिल! अलाबामातून उठून आर्कान्सात वस्तीला गेलेल्यांनी आपल्या गावाची नावे बरोबर नेली. आता ‘हंट्सव्हिल, मॅडिसन काउंटी’ एवढेच टिपण समोर असले आणि राज्याचे नाव नसले, तर झाड ओझार्कचे की अलाबामाचे? मी माझ्या वहीत असे एक टाचण राज्य न लिहिता केले होते, आणि दोन आठवडे त्यावरून अलाबामाची झाडे मोजीत बसलो होतो. आपल्याकडे नुसते ‘वडगाव’ किंवा ‘पिंपळगाव’ लिहिलेले पत्र हातात आले की जी गत होते तीच ही. आणखी एक आहे: डहाळ्या तोडणारे बहुधा रस्त्याकडेला तोडतात. नकाशावर ठिपके मांडले तर झाडांबरोबरच रस्त्यांचाही नकाशा दिसू लागतो. आणि कोणताही कागद ‘येथे हे झाड नाही’ असे म्हणत नाही. जेथे ठिपका नाही तेथे झाड नव्हते की माणूस गेला नाही, हे दफ्तराला विचारून उपयोग नसतो.

इतके दोष असूनही शेवटी काम पडले ते याच दफ्तराशी. वनस्पतींच्या नामकरणाचा नियम असा, की नाव एका विशिष्ट नमुन्याला बांधलेले असते. त्याला मूळ नमुना म्हणतात. वर्णनाचे शब्द कितीही बदलोत, नाव त्या कागदावरच्या डहाळीचे. १९५८ पासून नवे नाव देताना असा नमुना नेमून देणे सक्तीचे आहे. अ‍ॅशच्या वेळी ती सक्ती नव्हती, तरी जुन्या नावांनाही तोच नियम लावला जातो. म्हणून आज अलाबामाच्या डोंगरात कोणाला चमत्कारिक चिंकापिन सापडले, तर हेच अ‍ॅशचे झाड असे म्हणायला परत अ‍ॅशच्या कागदापाशीच यावे लागते. पानाच्या पाठीची लव, कोवळ्या काडीची लव, दात्यांची ठेवण, बोंडाचे काटे, यांची कागदाशी रुजुवात घालावी लागते. पान मुद्दाम उलटे बसवणाराचे उपकार अशा वेळी कळतात.

चॅटनूगा येथील टेनेसी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तशी झाडे घेऊन, त्यांच्या पेशींतल्या आनुवंशिक द्रव्याची एक लाखाहून अधिक ठिकाणी तपासणी केली. सोबत अमेरिकन चेस्टनट, बुटके चिंकापिन, ओझार्कचे चिंकापिन आणि दोन आशियाई जाती ताडून पाहिल्या. हे झाड संकर असते तर त्यात दोघांचा वाटा दिसला असता. तो दिसला नाही. २०२१ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला, की अलाबामाचे चिंकापिन चेस्टनट आणि चिंकापिन यांच्या मिश्रणातून झालेले नाही. चिंकापिनच्या व्यापक कुटुंबातला तो एक निराळा, आपल्या पायांवर उभा असलेला गट आहे. शहाण्णव वर्षांनी अ‍ॅशचे म्हणणे बरेचसे खरे ठरले.

मला याचा आनंद झाला, पण अ‍ॅशचा पोवाडा गाण्याचे कारण नाही. हॉथॉर्नच्या बाबतीत विद्वानांनी त्याच्या नावांना लावलेली कात्री त्यामुळे चुकीची ठरत नाही. दहा वेळा ‘लांडगा आला’ म्हणणाऱ्याने अकराव्यांदा खरेच लांडगा पाहिला, एवढेच. त्याच्या ओरडण्यावर विसंबून काही ठरवता आले नसते. त्याने डहाळी कागदावर बसवून ठेवली होती म्हणून ठरवता आले. आणि जी झाडे त्याने वनखात्याच्या नजरेने पाहिली, ती उभी असताना पाहणाऱ्यांतला तो जवळजवळ शेवटचा होता. रोगानंतरच्या अभ्यासकांनी धुमाऱ्यांवरून जे अनुमान केले, ते त्यांच्यासमोर असलेल्या पुराव्याला धरूनच होते. पुरावाच तोपर्यंत खुजा झाला होता.

या कागदांची एक रीत मला फार आवडते. एखाद्या अभ्यासकाला नमुन्यावरचे नाव चुकीचे वाटले, तर तो ते खोडत नाही, फाडत नाही. तो आपले मत, आपले नाव आणि वर्ष एका लहान चिठ्ठीवर लिहितो आणि ती चिठ्ठी जुनीच्या शेजारी चिकटवतो. पुढच्या माणसाला ते पटले नाही तर तो तिसरी चिकटवतो. कचेरीतल्या जुन्या प्रकरणावर एकाखाली एक शेरे पडत जावेत तसे होते. फरक इतकाच, की येथे वरचा अधिकारी खालच्याचा शेरा रद्द करू शकत नाही. चिंकापिनच्या एखाद्या कागदावर अशा तीन-चार चिठ्ठ्या दिसतात: एकाने जात म्हटले, दुसऱ्याने प्रकार, तिसऱ्याने संकर.

अलाबामाच्या झाडाला पूर्ण जात म्हणावे की प्युमिलाचाच एक प्रकार, यावर पुढे काय ठरते ते ठरो. कागदावर डहाळीच्या डाव्या बाजूला अजून तीन बोटे जागा मोकळी आहे.